मदतीचे दार आणि मूल गमावण्याची भीती : अमेरिकी बालकल्याणाची दीडशे वर्षे

१/
अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स नावाचे शहर आहे. तेथील ८३ गरीब मातांच्या मुलाखतींवर आधारलेला केली फाँग या समाजशास्त्रज्ञ विदुषींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. या माता मुलांना दवाखान्यात नेत होत्या, शाळेत पाठवत होत्या, सरकारी मदतीसाठी अर्जही करत होत्या. मात्र घरातील हलाखी, कौटुंबिक ताण, मुलांना वाढवताना होणारी ओढाताण यांविषयी डॉक्टर, शिक्षक किंवा समाजसेविका यांच्यासमोर त्या तोंड उघडत नव्हत्या. ज्या अडचणींसाठी या सेवा उभारल्या गेल्या, नेमक्या त्याच अडचणी सेवा देणाऱ्यांपासून लपवल्या जात होत्या.

२/
याचे कारण तेथील कायद्यात आहे. मुलाचा छळ वा हेळसांड होत असल्याचा वाजवी संशय आला, तरी शिक्षक, डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांना बालसंरक्षण विभागाला कळवणे बंधनकारक आहे. मग चौकशी अधिकारी घरी येतो, घर पाहतो, मुलांशी एकांतात बोलतो. धोका वाटला तर मूल घरातून हलवून 'फॉस्टर केअर'मध्ये, म्हणजे सरकारी खर्चाने दुसऱ्या कुटुंबात, ठेवले जाते. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडायचे, त्याच्यावरच ते वर कळवण्याची सक्ती आहे.

३/
ही भीती मूठभर कुटुंबांपुरती नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, अमेरिकेतील सुमारे ३७ टक्के मुलांच्या बाबतीत वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत निदान एकदा तरी अशी चौकशी होते. कृष्णवर्णीय मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ५३ टक्के आहे. म्हणजे कित्येक वस्त्यांमध्ये चौकशी अधिकाऱ्याचे दार ठोठावणे हा जवळजवळ प्रत्येक घराच्या ओळखीचा अनुभव आहे. गरिबाला हात देणारी आणि त्याच्या घराची झडती घेणारी व्यवस्था एकमेकींत इतक्या कशा गुंतल्या, हे समजून घेण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

४/
१८७४. न्यूयॉर्कमधील एका दाट, गरीब वस्तीत एटा व्हीलर या मिशनच्या सेविकेला मेरी एलन नावाच्या मुलीचा छळ होत असल्याचे कळले. पोलीस व धर्मादाय संस्था यांच्याकडे खेटे घालूनही उपयोग झाला नाही. अखेर त्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या. बर्ग हे प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध १८६६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे संस्थापक. त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी प्रकरण न्यायालयात नेले, मुलीची सुटका झाली आणि सांभाळ करणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली.

५/
त्या प्रकरणातून मुलांवरील क्रौर्य रोखणारी न्यूयॉर्कची संस्था उभी राहिली. शतकाच्या अखेरीस देशभर अशा शंभराहून अधिक संस्था होत्या. त्या होत्या खासगी. परंतु न्यूयॉर्कच्या संस्थेच्या प्रतिनिधींना अटक करण्याचा अधिकारही होता. गरीब स्थलांतरितांच्या वस्त्यांत लोक तिला 'गेरीची सोसायटी' म्हणत आणि तिच्या माणसांना वचकून असत. छळ होणाऱ्या मुलासाठी ती आधार होती. पोर रस्त्यावर वस्तू विकते म्हणून मिळकतीचा घास खाऊ शकणाऱ्या घरासाठी तीच संस्था संकट होती.

६/
बॉस्टनमध्येही अशीच संस्था होती. तिला गरीब लोकांनी एका शब्दाचे नाव दिले होते : 'द क्रुएल्टी'. क्रौर्य रोखणाऱ्या संस्थेलाच लोक 'क्रौर्य' म्हणत! इतिहासकार लिंडा गॉर्डन यांनी बॉस्टनमधील अशा संस्थांची १८८० ते १९६० या काळातील प्रकरणे अभ्यासली. त्यांना भीती तर आढळलीच. पण आणखी एक अनपेक्षित गोष्टही आढळली. संस्थेकडे येणाऱ्या तक्रारींचा मोठा वाटा खुद्द घरातल्या माणसांचा, त्यातही स्त्रियांचा होता.

७/
मारझोड करणारा नवरा, घर सोडून गेलेला बाप, खर्चाला पैसे न देणारा दारुडा यांच्याविरुद्ध जाण्यासाठी या स्त्रियांना दुसरे दारच नव्हते. म्हणून त्या 'क्रुएल्टी'चे दार ठोठावत. मात्र एकदा माणूस घरात आला की चौकशी कोठवर जाईल, हे त्या स्त्रीच्या हाती राहत नसे. नवऱ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीतून तिच्याच मातृत्वाची तपासणी सुरू होई. मदतीची निकड आणि मदत देणाऱ्याची धास्ती एकाच मनात नांदत होती. या इतिहासाचे हे मूळ सूत्र आहे.

८/
मूळ अमेरिकी रहिवाशांच्या, म्हणजे आदिवासींच्या, बाबतीत हे सूत्र अधिक निर्दय होते. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे त्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. तेथे मुलांचे केस कापले जात, भाषा सोडवली जाई. पालक मुले पाठवायला राजी नसत. १८९३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मुले शाळेत न पाठवणाऱ्या कुटुंबांचा शिधा रोखण्याची मुभा दिली. जमिनी गेल्यानंतर हा शिधाच अनेकांच्या जगण्याचा आधार होता. मूल द्या, नाहीतर धान्य विसरा, हा सरळ सौदा होता.

९/
गोऱ्या गरिबांच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या आरंभी विचार पालटू लागला. जानेवारी १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निराधार मुलांच्या प्रश्नावर व्हाइट हाउसमध्ये परिषद भरवली. केवळ दारिद्र्य आहे म्हणून मुलाला आईपासून तोडू नये, असा परिषदेचा निष्कर्ष होता. १९११ मध्ये इलिनॉय राज्याने गरीब पालकांना मुले सांभाळण्यासाठी पैसे देणारा कायदा केला. १९२० पर्यंत सुमारे चाळीस राज्यांत अशी 'मातृ-निवृत्तिवेतने' सुरू झाली.

१०/
अनाथालयापेक्षा आई बरी, हा विचार मोठा होता. परंतु पैशाबरोबर एक अट आली : आई 'योग्य' असली पाहिजे. घर स्वच्छ आहे का, भाडेकरू पुरुष ठेवला आहे का, मुले चर्चमध्ये जातात का, घरात कोणती भाषा बोलली जाते, हे पाहायला तपासनीस येत. १९३१ च्या सरकारी पाहणीत वंशाची नोंद असलेल्या लाभार्थींपैकी सुमारे ९६ टक्के कुटुंबे गौरवर्णीय होती, कृष्णवर्णीय जेमतेम ३ टक्के. 'योग्य आई' कोणाला म्हणायचे, हे या आकड्यांतच दिसते.

११/
महामंदीत १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला. त्यातून बाप नसलेल्या वा कमावता नसलेल्या घरांतील मुलांसाठी केंद्राच्या पैशावर, परंतु राज्यांच्या हातून चालणारी योजना सुरू झाली. १९३९ मध्ये विमाधारकांच्या विधवांना वेगळे लाभ मिळू लागले. आता या योजनेत उरल्या मुख्यत्वे परित्यक्ता, घटस्फोटित व अविवाहित माता. पुढे कृष्णवर्णीय कुटुंबेही मोठ्या संख्येने येऊ लागली. आदरणीय विधवेची योजना जाऊन ती संशयित स्त्रीची योजना झाली आणि 'योग्य घर' ही अट धारदार होत गेली.

१२/
१९५९ मध्ये फ्लोरिडाने 'योग्य घरा'चा कायदा कडक केला. ज्यांचे घर अयोग्य ठरे, अशा मातांना मुले नातेवाइकांकडे वा अन्यत्र स्वेच्छेने सोपवण्याचा पर्याय सुचवला जाई. फार थोड्या मातांनी तो मानला. बहुसंख्य कुटुंबे कृष्णवर्णीय होती आणि त्यांतील कित्येकींनी अनुदानावरच पाणी सोडले. पैसा नको, पण पोर हवे. सरकारी कागदांवर त्यांची नोंद झाली ती 'मदत स्वतःहून बंद केली' अशी. मदत नाकारण्यामागची सक्ती त्या नोंदीत दिसत नव्हती.

१३/
त्यानंतरच्या वर्षी लुइझियाना. न्यू ऑर्लिन्सच्या शाळांमध्ये कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश द्यावा लागणार, हे १९६० मध्ये स्पष्ट होत होते. वंशविभाजन टिकवण्यासाठी विधिमंडळाने कायद्यांचा सपाटाच लावला. त्याच सत्रात असा नियम झाला की, अनुदान सुरू झाल्यानंतर विवाहाबाहेर मूल झालेल्या आईचे घर अयोग्य मानावे. एका फटक्यात सुमारे ६,००० कुटुंबांतील सुमारे २३,००० मुले यादीतून गेली. त्यांतील बहुतेक सारी कृष्णवर्णीय होती.

१४/
उपासमारीची बातमी समुद्रापार गेली. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या नगरसेविकांनी लुइझियानातील मुलांसाठी अन्न व कपडे विमानाने पाठवण्याची मोहीम घेतली. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील बाळांना परदेशातून मदत यावी, ही वॉशिंग्टनची नाचक्की होती. आणि एक प्रश्न उघडा पडला : जर ही घरे मुलांसाठी खरोखर अयोग्य होती, तर राज्याने मुलांना तेथेच ठेवून त्यांचे अन्न का तोडले?

१५/
आयझेनहॉवर सरकारमधील आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे सचिव आर्थर फ्लेमिंग यांनी पद सोडण्याच्या काही दिवस आधी, जानेवारी १९६१ मध्ये, याच प्रश्नावर बोट ठेवणारा निर्णय दिला. मूल घरात राहत असेल तोवर 'घर अयोग्य' या सबबीवर त्याचे अनुदान राज्याला बंद करता येणार नाही. एकतर घर सुधारण्यासाठी सेवा द्या, नाहीतर मुलाची सोय दुसरीकडे करा. पण उपाशी ठेवू नका. हाच तो 'फ्लेमिंग नियम'.

१६/
नियमाचा हेतू दयाळू होता. परिणाम मात्र दुधारी झाला. त्याच वर्षी काँग्रेसने, न्यायालयाच्या आदेशाने अनुदानित घरातून काढलेल्या मुलांच्या फॉस्टर केअरसाठी केंद्राचा पैसा देऊ केला. आता राज्यासमोर दोन वाटा होत्या : घर सावरणारी सेवा, जी द्यायला प्रशिक्षित माणसे नव्हती, आणि मूल हलवणे, ज्यासाठी निधी तयार होता. पूर्वी 'अयोग्य' ठरल्यावर पैसे जात. यापुढे 'अयोग्य' ठरल्यावर मूल जाऊ शकत होते. अनुदानासाठी दार उघडण्याची जोखीम वाढली होती.

१७/
दार कसे उघडवले जाई, याचा दाखला कॅलिफोर्नियातील अलमेडा काउंटीचा आहे. जानेवारी १९६३ मध्ये एका रविवारी पहाटे समाजसेवकांना अनुदानित मातांच्या घरी पाठवण्यात आले. घरात कोणी पुरुष झोपला आहे का, हे पाहायचे होते. मोहिमेचे नावच 'ऑपरेशन बेडचेक' होते. बेनी पॅरिश या दृष्टिहीन समाजसेवकाने जायला नकार दिला. त्याला बडतर्फ करण्यात आले. १९६७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

१८/
एका समाजसेवकानेच नकार दिला, हे महत्त्वाचे आहे. त्या व्यवसायात एक पेच मुळापासून होता. समाजसेवकाचे काम विश्वासावर चालते. घरातली माणसे बोलली तर तो काही करू शकतो. पहाटे पलंगाखाली डोकावून गेलेल्या माणसाला सोमवारी कोण आपले दुःख सांगणार? झडती घेणारा आणि धीर देणारा एकच असेल, तर झडतीची आठवणच अधिक काळ टिकते.

१९/
१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गरीब माता संघटित झाल्या. १९६६ पासून आकाराला आलेल्या राष्ट्रीय कल्याण-हक्क संघटनेत लॉस एंजेलिसच्या जॉनी टिल्मन यांच्यासारख्या स्त्रिया पुढे होत्या. १९६८ मध्ये 'किंग विरुद्ध स्मिथ' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अलाबामाचा नियम रद्द केला. आईचे एखाद्या पुरुषाशी संबंध असले की त्यालाच 'बाप' मानून मुलांचे अनुदान तोडायचे, असा तो नियम होता. १९७० च्या 'गोल्डबर्ग विरुद्ध केली' निकालाने अनुदान बंद करण्यापूर्वी सुनावणी सक्तीची झाली.

२०/
याचा थेट परिणाम मदतीच्या वापरावर झाला. इतिहासकार जेम्स पॅटरसन यांच्या मांडणीनुसार, १९६० च्या दशकाच्या आरंभी पात्र कुटुंबांपैकी सुमारे एक-तृतीयांश कुटुंबेच हे अनुदान घेत होती. १९७१ पर्यंत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले. संघटनांचा प्रचार, न्यायालयांचे निकाल, शिथिल झालेले नियम अशी त्याची अनेक कारणे आहेत. परंतु त्या सर्वांमागे एक समान गोष्ट होती : मदत मागणे पूर्वीपेक्षा कमी धोक्याचे व कमी अपमानाचे झाले होते.

२१/
घरात डोकावण्याचा अधिकार मात्र पुरता गेला नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका आईने सांगितले की, हवी ती माहिती मी देईन, बाहेर कोठेही भेटेन. पण घरभेट नको. तिचे अनुदान थांबवण्याची नोटीस आली. 'वायमन विरुद्ध जेम्स' या खटल्यात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. ही झडती नव्हेच, असे बहुमताचे म्हणणे होते. मुलाचे हित आधी पाहिले पाहिजे, हाही युक्तिवाद होता. गरीब घराचा उंबरठा इतरांइतका पक्का नाही, असाच याचा अर्थ अनेकांनी घेतला.

२२/
याच सुमारास एक महत्त्वाची फारकत झाली. केंद्राच्या धोरणाने राज्यांना पैशाचे वाटप आणि समाजसेवा वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांकडे द्यायला लावले. अर्ज तपासायला कारकून आला. तो घरातल्या नात्यांची चौकशी करत नसे. म्हणजे १९३५ पासून एकत्र बांधलेली गाठ १९७२ च्या आसपास सुटू लागली होती. पण चौकशी नाहीशी झाली नाही. ती दुसऱ्या घरात राहायला गेली.

२३/
ते घर उभे राहत होते वैद्यकीय क्षेत्रात. १९६२ मध्ये डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्पे व त्यांचे सहकारी यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणसमूहावर शोधनिबंध लिहिला. क्ष-किरणांत दिसणारी जुनी, न सांगितलेली हाडमोड साऱ्या देशाला हादरवून गेली. १९६७ पर्यंत सर्व राज्यांनी संशयित छळ कळवण्याविषयी कायदे केले. हे कायदे प्रामुख्याने डॉक्टरांसाठी व शारीरिक इजेपुरते होते. अपेक्षा होती की मोजकीच, गंभीर प्रकरणे येतील.

२४/
१९७१ मध्ये सिनेटर वॉल्टर मॉन्डेल यांनी पुढाकार घेतलेले, सर्व स्तरांतील मुलांसाठी पाळणाघरे व बालविकास केंद्रे उभारणारे विधेयक काँग्रेसने संमत केले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ते नकाराधिकार वापरून फेटाळले. मग मॉन्डेल यांनी बालछळ-प्रतिबंधाचा कायदा पुढे आणला आणि हा प्रश्न गरिबीचा नाही, कोणत्याही घरात घडू शकणारा आहे, अशी मांडणी केली. जानेवारी १९७४ मध्ये निक्सन यांनी त्यावर सही केली. पाळणाघर नाकारले गेले आणि तक्रारकेंद्र मंजूर झाले.

२५/
केंद्राचा निधी हवा तर राज्यांनी तक्रारीची कक्षा वाढवायची होती. शारीरिक इजेबरोबर 'हेळसांड' आली. डॉक्टरांबरोबर शिक्षक, पाळणाघरसेविका, समुपदेशक आले. १९७६ मध्ये सुमारे ६ लाख ६९ हजार मुलांविषयी तक्रारी होत्या. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा ३० लाखांच्या घरात गेला. आज ज्या मुलांच्या बाबतीत तक्रार ग्राह्य ठरते, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणांत हेळसांड हा मुद्दा असतो. अपुरे अन्न, थंड घर, कामावर गेलेल्या आईमागे एकटे राहिलेले मूल : हेळसांड आणि गरिबी यांच्यातली रेषा येथे पुसट होते.

२६/
आदिवासींचा अनुभव याच दशकात काँग्रेससमोर आला. त्यांच्या २५ ते ३५ टक्के मुलांना घरांतून काढून फॉस्टर घरी, दत्तक कुटुंबांत वा संस्थांत ठेवले गेल्याचे पाहण्यांतून दिसले. घरात खोल्या कमी, मूल आजीकडे राहते, एवढी कारणेही पुरत. १९७८ च्या कायद्याने आदिवासी मुलांबाबत जमातीला अधिकार व नातेवाइकांना प्राधान्य मिळाले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा कायदा कायम ठेवला.

२७/
भीतीचा आरोग्यसेवेवर काय परिणाम होतो, याचे उदाहरण दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे घडले. १९८९ पासून तेथील सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात ठरावीक निकषांत बसणाऱ्या गर्भवतींची कोकेनसाठी तपासणी होई आणि निकाल पोलिसांपर्यंत जाई. ३० स्त्रियांना अटक झाली. एक सोडून साऱ्या कृष्णवर्णीय होत्या. स्त्रिया प्रसूतिपूर्व तपासणीपासूनच दूर पळतील, असा इशारा वैद्यकीय संघटनांनी दिला होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून केलेल्या अशा तपासण्या घटनाबाह्य झडती ठरवल्या.

२८/
दुसऱ्या बाजूचे दुःखही खरे आहे. १९९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांची एलिसा इझ्क्विएर्डो आईच्या मारहाणीत मरण पावली. तक्रारी आधीच झाल्या होत्या. यंत्रणा हलली नव्हती. शहर संतापले, १९९६ मध्ये स्वतंत्र बालसेवा खाते उभे राहिले आणि घरांतून मुले काढण्याचे प्रमाण वाढले. अशा मृत्यूनंतर कोणत्याही अधिकाऱ्याला 'मूल घरीच राहू द्या' असे लिहिणे अवघड जाते. चूक झाली तर त्याचे नाव वर्तमानपत्रात येते. विनाकारण हलवलेल्या मुलाची बातमी क्वचितच होते.

२९/
त्याच न्यूयॉर्कमध्ये नवऱ्याचा वा साथीदाराचा मार खाणाऱ्या मातांकडून मुले काढून घेतली जात होती. मुलाने मारहाण पाहिली, म्हणजे आईने त्याची हेळसांड केली, असा तर्क होता. 'निकोल्सन' खटल्यात २००२ मध्ये न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांनी ही प्रथा रोखली. २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही केवळ तेवढ्यावरून हेळसांड ठरत नसल्याचे सांगितले. शंभर वर्षांपूर्वी बॉस्टनची स्त्री मार खाल्ल्यावर 'क्रुएल्टी'कडे जाई. आता पोलिसांना फोन करण्याआधी आईला मुलाचा विचार करावा लागत होता.

३०/
एवढ्यावरून गरीब कुटुंबे या यंत्रणेला केवळ टाळतात, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कायद्याच्या अभ्यासक डोरोथी रॉबर्ट्स यांनी शिकागोच्या वुडलॉन वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांशी संवाद साधला. यंत्रणेमुळे शेजाऱ्यांतला विश्वास आटतो, मुलांवरचा आईचा अधिकार ढळतो, हे त्या सांगत होत्या. तरीही यंत्रणा उठून जावी, असे त्या म्हणत नव्हत्या. पैशाची मदत मिळण्याचा तोही एक मार्ग उरला होता. इतर दारे बंद झाली की भीतीचे दारही ठोठवावे लागते.

३१/
प्रॉव्हिडन्सच्या मातांचा अभ्यासही हेच दाखवतो. सेवांपासून पूर्ण दूर राहणेही त्यांना परवडणारे नव्हते. मूल दवाखान्यात नेले नाही, शाळेत गैरहजर राहिले, तर त्याचीच तक्रार व्हायची. म्हणून त्या हजर राहत आणि गप्प राहत. लसीकरणाच्या आकडेवारीत, पटावरच्या हजेरीत हे मौन दिसत नाही. सेवेचा वापर झाला अशी नोंद होते. सेवेचा उपयोग किती झाला, ते नोंदवहीबाहेर राहते.

३२/
तक्रार करणारेही बहुधा दुष्ट नसतात. बहुसंख्य तक्रारी शिक्षक, पोलीस, आरोग्यसेवक अशा व्यावसायिकांकडून येतात. फाँग यांच्या २०२३ च्या पुस्तकात दिसते की, कुटुंबाला काहीतरी मदत मिळेल, या आशेने कित्येक जण फोन करतात. त्यांच्या हाती दुसरे साधनच नसते. पण त्या फोनने घरी येते ती चौकशी. घरभाडे, शिधा, पाळणाघर देण्याचे सामर्थ्य चौकशी अधिकाऱ्याकडे क्वचितच असते. शिक्षकाला हवी असते मदत, कुटुंबाला दिसते धमकी, आणि पुढच्या वेळी आई शिक्षकाशीही कमी बोलते.

३३/
अलीकडे काही गाठी पुन्हा सैल केल्या जात आहेत. २०१८ च्या केंद्रीय कायद्याने, मूल घरातून हलवण्यापूर्वीच व्यसनमुक्ती, मानसोपचार व पालकांना साहाय्य यांसाठी फॉस्टर केअरच्या निधीतील पैसा वापरण्याची सोय केली. टेक्सासने २०२३ मध्ये, चौकशी सुरू होताना पालकांना त्यांचे हक्क सांगणे सक्तीचे केले. हे बदल लहान आहेत. पण त्यांची दिशा १९७२ च्या फारकतीची आठवण करून देते.

३४/
दीडशे वर्षांच्या या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मदत आणि चौकशी जेव्हा एकाच हातात आली, तेव्हा कुटुंबे एकतर मागे फिरली, फ्लोरिडातील मातांसारखी, किंवा आली आणि अर्धेच बोलली. ज्या घरात मूल खरोखर धोक्यात असते, त्या घरालाही याच मौनाचा आडोसा मिळतो. म्हणून विश्वास हा बालसंरक्षणाच्या विरुद्ध बाजूला उभा नाही. आई निर्धास्तपणे 'घरात खायला नाही' म्हणू शकली, तरच शेजारच्या घरातील खऱ्या छळाची कुजबुजही वेळेवर कोणाच्या तरी कानी पडेल.

(थ्रेड समाप्त)